भीमाशंकरचं जंगल रात्री खरंच हिरवं पेटतं का?

पाऊस लागला की दरवर्षी मोबाईलवर तेच व्हिडिओ फिरायला लागतात, भीमाशंकरची जमीन निऑनसारखी हिरवी पेटलेली आणि खाली लिहिलेलं, महादेवाचा चमत्कार. काहीजण म्हणतात सगळं एडिटिंग आहे. दोन्ही चूक.

उजेड खरा आहे. नागफणीच्या वाटेवर काय किंवा खांडसकडून चढताना काय, जंगल दाट आणि ओलं, १९८५ साली शेकरूसाठी अभयारण्य झालं त्यामुळे पडलेली झाडं तिथेच कुजतात, आणि त्या कुजक्या लाकडावर मायसीना जातकुळीतली बुरशी वाढते. तिच्या पेशींत कॅफिक ॲसिड असतं (कॉफीतल्या कॅफीनशी याचा संबंध नाही), त्यापासून ती हिस्पिडिन नावाचं रसायन बनवते, मग एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) त्याला ऑक्सिजन जोडून ल्युसिफेरिन, म्हणजे उजेड देणारं द्रव्य, करतं, आणि दुसरं एन्झाइम, ल्युसिफरेज, त्याला हवेतला आणखी ऑक्सिजन भिडवतं. आता जो रेणू तयार होतो तो इतका अस्थिर की कार्बन डायऑक्साइड सोडून लगेच मोडतो आणि सुटलेली ऊर्जा हिरवा प्रकाश म्हणून बाहेर पडते, साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीचा. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं: उरलेला रेणू परत कॅफिक ॲसिड होतो आणि चक्र पुन्हा सुरू! हे आख्खं चक्र आणि त्याची जनुकं २०१८ मध्ये उलगडली, मग ती पेटुनिया या फुलझाडात घातली आणि २०२४ पासून अमेरिकेत चमकणारी झाडं विकायला आहेत.

मग व्हिडिओत इतकं हिरवं आणि तिथे गेल्यावर फिक्कट राखाडी का दिसतं? कॅमेरा कित्येक सेकंद प्रकाश साठवत बसतो, डोळा साठवत नाही. आणि इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी कामच करत नाहीत, फक्त अंधुक उजेडात चालणाऱ्या दंडपेशी बघतात आणि त्यांना रंग कळत नाही. त्यासुद्धा पूर्ण तयार व्हायला अंधारात २०-३० मिनिटं लागतात, मध्येच कुणी टॉर्च मारला की परत पहिल्यापासून. पूर्वी लोक रानातल्या अशा उजेडाला भुताटकी म्हणायचे. भूत नाही हो, ऑक्सिजन आहे.

परवानगीशिवाय रात्री अभयारण्यात घुसू नका, आणि चमकणारा लाकडाचा तुकडा तर अजिबात घरी आणू नका. ते वाळलं की बुरशीचे तंतू सुकतात आणि उजेड गेला, हातात नुसती ढलपी राहते.