अर्धशिशीची चकाकी डोळ्यांत नसते

कोकण किनाऱ्यावर कुणाचाही असा समज होऊ शकतो, की पाण्यावरची तिरीप डोळ्यांत गेली की डोळ्यांच्या नसा तापतात, नागमोडी चकाकी दिसते आणि अर्धशिशी उठते. प्रखर उजेडाने काहींचे दुखणे उठते एवढे खरे, त्यामुळे हा समज पटण्यासारखाच आहे. परंतु ती चकाकी डोळ्यांत तयार होत नाही. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीची जाणीव होते, तिथे चेतापेशींच्या उत्तेजनाची आणि पाठोपाठ त्यांच्या निपचित पडण्याची लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकते. म्हणूनच जाळे विणताना गाठीशेजारी दिसू लागलेला चमकता ठिपका २०-३० मिनिटांत पसरत नजरेच्या कडेला जातो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. या लाटेत बाहेर पडणारी रसायने मेंदूच्या आवरणांतील ट्रायजेमिनल (चेहऱ्याच्या व डोक्याच्या संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या) चेतातंतूंना चेतवतात आणि त्यातून ठणका सुरू होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसते.

पडताळायचे असल्यास आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहावा: चकाकी दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूला दिसते, आणि दोन्ही मिटले तरी जात नाही. ती फक्त एका डोळ्याला किंवा आयुष्यात प्रथमच दिसली, तर मात्र डॉक्टरांना त्वरित दाखवावे.