बर्बर चांदी: लेणे कोणाचे, घडण कोणाची

जुन्या दागिन्यांच्या बाजारात ‘बर्बर’ हे नाव फार सैलपणे लावले जाते. उत्तर आफ्रिकेतले हे बर्बर लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात. मोरोक्कोपासून लिबियापर्यंत आणि खाली सहारातल्या तुआरेगांपर्यंत त्यांची वस्ती आहे. शिवाय या नावातून दागिना कोण घालत होते एवढेच कळते. घडवणारा पुष्कळदा ज्यू असे.

दक्षिण मोरोक्कोतल्या अँटी-अ‍ॅटलास डोंगरांतल्या खेड्यांत चांदीकाम पिढ्यान्‌पिढ्या ज्यू सोनारांच्या हातात होते. 1492 मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंबरोबर मीनाकारीची रीत इकडे आली, असे अनेक अभ्यासक मानतात. 1948 नंतर ही कुटुंबे मोठ्या संख्येने इस्राएलला गेली आणि काम मुस्लिम कारागिरांकडे आले. चांदीसाठी आज तिथल्याच तिझनितचे नाव घेतात, पण या गावाला तटबंदी घातली ती मोरोक्कोचा सुलतान पहिल्या हसनने, 1882 च्या सुमारास; म्हणजे गाव तसे अलीकडचे. त्यामुळे ‘तिझनितचा’ म्हणजे बऱ्याचदा तिथे विकला गेलेला, एवढाच अर्थ घ्यावा.

घडणीवरून माग काढणे अधिक भरवशाचे. निळा, हिरवा, पिवळा मिना आणि सोबत भूमध्य समुद्रातले लालभडक पोवळे दिसले की अल्जीरियातला काबिलिया प्रदेश, त्यातही बेनी येन्नीची गावे आठवावीत. (तिथले एक गाव खोटी नाणी पाडण्यासाठीही प्रसिद्ध होते, हात त्याच कसबाचे.) पिवळा-हिरवा मिना आणि लाल काचेचे खडे असतील, तर अँटी-अ‍ॅटलासकडे वळावे. तुआरेगांचे इनादन हे लोहार-सोनार मेणाचा नमुना करून, त्यावर मातीचा साचा चढवून ओतकाम करतात. नायजरमधल्या अगादेझचा प्रसिद्ध क्रूस असाच घडतो.

चांदी बहुतेक नाणी आटवून मिळे. स्पॅनिश आणि फ्रेंच नाणी, पुढे पॅरिसमध्ये पाडलेले हसनचे दिरहम. दागिन्यात जडवलेल्या नाण्यावरचे साल फार तर खालची मर्यादा दाखवते, म्हणजे दागिना त्याआधीचा नाही एवढेच. मारिया थेरेसा थेलर तर तेवढेही सांगत नाही. ऑस्ट्रियाच्या या नाण्यावर 1780 हेच साल कायम ठेवून ते पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाडले गेले. 1940-41 मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही!

सर्वांत जास्त फसगत होते ती जोड्यांत. न शिवलेले वस्त्र दोन्ही खांद्यांवर अडकवायला त्रिकोणी आकड्यांची जोडी लागे आणि मधे साखळी असे. घरातली चांदी मोडीत निघाली की व्यापारी निरनिराळ्या जोड्यांतले सुटे आकडे नव्या साखळीने जोडतात. अशा वेळी आकड्यांची पाठ पाहावी: पिनेने घासून पडलेली खाच, कड्यांची झीज, जुन्या डाकाचा (सांधणीच्या धातूचा) रंग. हे दोन्हीकडे सारखे नसेल, तर त्या जोडीला एक गाव शोधण्यात अर्थ नाही.