जुन्या मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील विद्युत दोषनिदान

मोटारीची वातानुकूलन यंत्रणा, म्हणजे बोलीतला एसी, थंडावा देईनाशी झाली असता कंप्रेसरचा क्लच, रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), दाबस्विच, थर्मोस्टॅट, पंखे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा यांतील दोष मोजमाप करून शोधण्याची ही पद्धत आहे. जुनी मोटार म्हणजे येथे १५ वर्षांची नोंदणी संपून पाच वर्षांसाठी नूतनीकरण झालेली, किंवा त्या वयाला टेकलेली खाजगी गाडी अभिप्रेत आहे. पुण्यात एमएच १२ आणि पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ क्रमांकाच्या अशा मारुती ८००, झेन, सँट्रो आणि १९९८ मध्ये आलेली, पिंपरीच्या कारखान्यात तयार झालेली टाटा इंडिका या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. त्यांच्या एसीचे मंडल मुख्यतः स्विच, रिले आणि तारांचे असल्याने साधा टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर एवढ्या सामग्रीवर बहुतेक दोष उघडकीस येतात.

पुण्यातील हवामानाचा या दोषांशी जवळचा संबंध आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पुष्कळ गाडीमालक एसी लावतच नाहीत. होळी उलटली, दुपारचे ऊन चढले की महिनोन्महिने बंद असलेले बटण दाबले जाते आणि मग ब्लोअरमधून साधी हवा येते. या बंद काळात कंप्रेसरच्या दांड्यावरील सील कोरडे पडून गॅस झिरपतो हे खरे, पण त्याच काळात रिलेच्या संपर्कबिंदूंवर आणि कनेक्टरच्या पिनांवर ऑक्साइडचा थर बसतो, हेही तितकेच खरे आहे. गॅरेजमध्ये मात्र ‘गॅस संपला असेल’ हे निदान आधी होते आणि मीटर नंतर बाहेर निघतो. हा क्रम उलटा असायला हवा, कारण गॅस काढून पुन्हा भरण्याचा खर्च वीस रुपयांच्या फ्यूजसाठी किंवा सैल पिनेसाठी करण्यात अर्थ नसतो.

मंडलाची रचना अशी असते. ब्लोअर चालू असल्याशिवाय एसीच्या बटणाला अर्थ राहू नये, म्हणून बहुतेक गाड्यांत बटणाचा पुरवठा किंवा अर्थिंग ब्लोअरच्या स्विचमधून घेतलेले असते. तेथून संकेत कूलिंग कॉइलवरील (केबिनची हवा थंड करणाऱ्या नळ्यांवरील) थर्मोस्टॅट किंवा थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा संवेदक) आणि त्याच्या अँप्लिफायरकडे, पुढे दाबस्विचकडे आणि शेवटी रिलेच्या कॉइलकडे जातो. रिले उचलला की बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून कंप्रेसरच्या विद्युतचुंबकीय क्लचला मिळतो, पुलीसमोरची चकती खट् असा आवाज करून पुलीला चिकटते आणि कंप्रेसर फिरू लागतो. कार्बोरेटरच्या गाड्यांत याच वेळी निर्वात झडपेद्वारे इंजिनाचा आयडल वाढवला जातो. फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रक एकक मध्ये येते आणि इंजिन फार तापले किंवा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर ते क्लचला परवानगी नाकारते. साखळीतील एकही कडी तुटली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते: कंप्रेसर उचलत नाही.

पहिला प्रश्न क्लच ओढला जातो की नाही हाच असतो. तो ओढला जात नसेल तर निदानाचा दुसरा टप्पा दाबमापकाचा आहे. दाबस्विच विजेचा भाग असला तरी तो गॅसचे काम सांगतो, आणि म्हणूनच गॅस गळलेली गाडी हुबेहूब विजेचा बिघाड झाल्यासारखी वागते. आर-१३४ए हा गॅस असलेल्या बंद यंत्रणेत ३० अंश सेल्सिअस तापमानाला दोन्ही बाजूंचा दाब सुमारे ६.७ बार, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ९५ ते १०० पौंड असतो. या आकड्यावरून गॅस पुरेसा आहे असे सिद्ध होत नाही, कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब एवढाच भरतो. मात्र कमी दाबाचा स्विच साधारण २ बारच्या आसपास उघडतो, त्यामुळे ६.७ बार दाब असताना तो उघडा सापडला तर दोष स्विचचा किंवा त्याच्या कनेक्टरचा ठरतो. दाब शून्याला टेकला असेल तर स्विचने आपले काम चोख केले आहे आणि पुढची तपासणी गळतीची आहे. अशा वेळी स्विचच्या दोन पिनांत तार घालून कंप्रेसर ‘डायरेक्ट’ चालवणे हा या धंद्यातील सर्वांत महागडा उतावीळपणा होय. कंप्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असल्याने गॅसविना तो कोरडा चालतो आणि जाम होतो.

दाब ठीक असून क्लच निर्जीव असेल तर क्लचच्या तारेवर मापन करावे. या ठिकाणी सर्वाधिक चुका होतात, कारण बहुतेकजण कनेक्टर काढून त्याच्या तोंडाशी व्होल्टेज पाहतात. इंजिन चालू असताना तेथे १३.८ व्होल्ट दिसतात आणि ‘करंट येतोय, कॉइल गेली’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेत असल्याने जळक्या संपर्कबिंदूमागेही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. क्लचच्या कॉइलचा रोध ३.६ ओहम असेल तर १३.८ व्होल्टला ३.८ अँपिअर प्रवाह वाहायला हवा. रिलेच्या काळवंडलेल्या संपर्कात आणि हिरवट पडलेल्या पिनेत मिळून १.५ ओहम रोध शिरला, तर प्रवाह २.७ अँपिअरवर येतो आणि कॉइलला जेमतेम ९.७ व्होल्ट मिळतात. चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती निम्म्यावर येते. कनेक्टर जोडलेला ठेवून, पिनेमागून बारीक सुई सरकवून घेतलेले मापनच हे ९.७ दाखवते. त्यानंतर मीटरची एक टोचणी बॅटरीच्या धन अग्रावर आणि दुसरी क्लचच्या तारेवर ठेवून प्रवाह वाहत असताना व्होल्टेजचा पात, म्हणजे घट, मोजावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पात आढळला तर तोच प्रयोग फ्यूजच्या आणि रिलेच्या दोन्ही बाजूंस करत गेल्याने दोषी जागा हाती लागते. ऋण बाजूही विसरू नये. कंप्रेसरची बॉडी आणि बॅटरीचा ऋण अग्र यांतही असाच पात मोजावा लागतो, कारण जुन्या गाडीत इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली असणे नवलाचे नाही.

टेस्ट लॅम्पचे मोल यासाठीच आहे. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे संपर्क कच्चा असेल तर तो मंद पेटतो. बाजारात मिळणारा एलईडीचा टेस्टर मात्र कच्च्या जोडावरही लख्ख उजळतो, तेव्हा या कामी त्याचा भरवसा धरू नये. उलट, नियंत्रक एककाकडे जाणाऱ्या बारीक तारांवर बल्ब कधीही लावू नये. तेथे मल्टिमीटरच वापरावा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना तर हातच लावू नये.

सकाळी चालणारा आणि दुपारी गर्दीत बंद पडणारा एसी ही वेगळी जात आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल १२० अंशांना ५ ओहमची होते आणि तिची ओढ घटते. त्यातच क्लचची चकती वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झिजून पुलीपासूनचे अंतर वाढलेले असते. हे अंतर अनेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटर अपेक्षित असते आणि फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पात्यांच्या मापकाने, ते मोजता येते. एप्रिलच्या दुपारी विद्यापीठ चौकात गाडी रांगत असताना बॉनेटखालची उष्णता आणि हे वाढलेले अंतर एकत्र आले की गरम कॉइलला चकती ओढता येत नाही. गाडी तासभर सावलीत उभी केली की सारे सुरळीत होते. चकतीमागची एखादी पातळ शिम (अंतर राखणारी धातूची कडी) काढून अंतर कमी केले की अशा गाडीचा कंप्रेसर पुन्हा उचलू लागतो. या दुरुस्तीला गॅस उघडावा लागत नाही, तरीही ‘कंप्रेसर बदला’ असा सल्ला दिला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते. काही कंप्रेसरांच्या कॉइलमध्ये उष्णतेने तुटणारा फ्यूज असतो. तो एकदा गेला की कॉइल थंड झाल्यावरही उघडीच राहते.

चौकात थंडावा जातो आणि महामार्गावर वेग घेताच परत येतो, असे असेल तर संशय कंडेन्सरच्या, म्हणजे तापलेला गॅस निववणाऱ्या पुढच्या जाळीच्या, पंख्यावर घ्यावा. पंखा थांबला की कंडेन्सरमधील दाब चढतो आणि साधारण २७ ते ३२ बारच्या दरम्यान जास्त दाबाचा स्विच क्लचचा प्रवाह तोडतो. कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारताच थंडावा सुधारला तर पंख्याचे ब्रश, रिले आणि हेडलाइटजवळचे अर्थिंग तपासावे, तसेच कंडेन्सर धुळीने चोंदलेला नाही ना हेही पाहावे.

ब्लोअर फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. बदलताना जुन्या कनेक्टरचे प्लास्टिक तपकिरी पडले आहे का हे पाहावे, नाहीतर नवा रेझिस्टरही फार काळ टिकत नाही.

बटण दाबताच फ्यूज उडत असेल तर एकामागून एक फ्यूज जाळत बसण्यात हशील नाही. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपास मर्यादित राहिल्याने तार जळत नाही. मग एकेक कनेक्टर काढत जावे. ज्याने बल्ब मंदावतो त्याच्या पुढे दोष असतो. बहुधा क्लचची एकमेव तार कंप्रेसरच्या ब्रॅकेटला घासून सोललेली सापडते, किंवा क्लचशी समांतर जोडलेला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झालेला असतो. क्लचचा प्रवाह तुटताना उठणारा उलट व्होल्टेजचा झटका हा डायोड गिळतो. कॉइल बदलताना तो वगळला तर गाडी चालतेच, पण रिलेचे संपर्क लवकर जळतात आणि इंजेक्शनच्या गाडीत नियंत्रक एककालाही धोका संभवतो. डायोड उलटा बसवला तर बटण दाबताक्षणी पुन्हा फ्यूज उडतो. त्याच्यावरची पट्टी धन बाजूला यावी लागते.

पावसाळ्यात आणखी एक तक्रार येते: अर्धा तास उत्तम थंडावा, मग वारा कमी होत होत बंद. येथे कंप्रेसर गरजेपेक्षा जास्त चालतो, ‘कट ऑफ’ होत नाही आणि दमट हवेतील पाणी कूलिंग कॉइलवर गोठून वाट बंद करते. थर्मिस्टर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवला असता त्याचा रोध २५ अंशांच्या तुलनेत सुमारे तिप्पट, आणि तोही उड्या न मारता, वाढायला हवा. तो चांगला निघाला तर तो कूलिंग कॉइलच्या पाकळ्यांतून निसटून मोकळ्या हवेत लोंबत नव्हता ना, हे आठवून पाहावे.

अडचणीची खरी जागा मात्र आधीच्या दुरुस्त्या असते. अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत मागाहून बसवलेल्या एसीची वायरिंग ज्या त्या वायरमनच्या हाताची असते, त्यामुळे छापील आकृती आणि तारांचे रंग जुळत नाहीत. कारखान्यातून एसी घेऊन आलेल्या गाडीतही वीस वर्षांत कोणी तरी दाबस्विच डायरेक्ट केलेला, कोणी रिले वगळून डॅशबोर्डखाली वेगळे बटण बसवलेले, कोणी पिळा मारून टेप गुंडाळलेला असतो. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या तारा वेगळ्याच. अशा गाडीत दोष शोधण्यापूर्वी मूळ मंडल कागदावर मांडून त्याच्याबाहेरची प्रत्येक तार कोठून कोठे जाते हे नोंदवणे कंटाळवाणे, तरी अंतिमतः वेळ वाचवणारे ठरते.

सुट्या भागांसाठी पुणेकर नाना पेठेकडे वळतो, तर वापरलेल्या मालासाठी बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराकडे. वापरलेला रिले घेण्यास हरकत नसते, मात्र त्याच्या पिनांवरचे ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे मूळ रिलेशी जागेसकट ताडून घ्यावेत. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन रिलेंमध्ये पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि चुकीचा रिले बसवताच शॉर्ट होतो. मांडणी तीच असेल तर हॉर्नचा रिले काढून एसीच्या जागी लावून पाहणे ही मिनिटभराची चाचणी आहे. वापरलेली क्लच-कॉइल मात्र रोध मोजल्याशिवाय घेऊ नये. ३ ते ५ ओहमच्या बरीच खाली असेल तर आतले वेढे एकमेकांना भिडलेले असतात.

क्लचला प्रवाह वाहताना पूर्ण व्होल्टेज मिळते, चकती न घसरता पुलीबरोबर फिरते, दोन्ही पंखे चालतात आणि तरीही हवा थंड होत नाही, असे आढळले की विजेचे काम संपते. पुढचा शोध दाबमापकाच्या दोन नळ्या लावून एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर आणि कंप्रेसरच्या व्हॉल्व्हांचा घ्यावा लागतो. आर-१२ वर चालणाऱ्या मूळ गाडीत तर आधी आर-१३४ए साठीचे रूपांतर करावे लागते, कारण सीएफसी गटातील या गॅसचे उत्पादन भारतात मॉन्ट्रियल करारानुसार १ जानेवारी २०१० पासून, औषधी वापराचा अपवाद वगळता, थांबले आहे.