मेंदूमृत्यू

मेंदूमृत्यू : मेंदूचे कार्य कायमचे थांबले आहे, पण व्हेंटिलेटरमुळे श्वास आणि त्याच्या जोरावर हृदय चालू आहे, अशा व्यक्तीला मृत ठरवण्याची वैद्यकीय व कायदेशीर संकल्पना. बोलण्यात ‘ब्रेन डेड’ हाच शब्द रुळला आहे. कोमातला रुग्ण जिवंत असतो. डोळे उघडतो, झोपतो, जागा होतो, पण ज्याला भान नाही, असा रुग्णही जिवंतच असतो आणि बहुधा स्वतःचा श्वास स्वतः घेतो. मेंदूमृत व्यक्तीला मात्र कायद्याच्या लेखी मृत्यूच आलेला असतो. वर्तमानपत्रे तरीही सर्रास लिहितात की अमुक जण ब्रेन डेड झाले आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. या वाक्यात माणूस दोनदा मरतो. पण ती केवळ बातमीदाराची चूक म्हणता येत नाही. संकल्पनेतली अडचणच त्या वाक्यात उतरली आहे.

‘प्राण’ या शब्दाचा मूळ अर्थच श्वास. श्वास, हृदय आणि मेंदू यांपैकी एक थांबले की बाकीची दोन काही मिनिटांत थांबत, त्यामुळे मृत्यू नेमका कशात आहे हे विचारण्याची वेळ फारशी येत नसे. ती आणली यंत्राने. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेला छेद देऊन रबरी पिशवीने हवा आत ढकलायची, ही भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांची युक्ती होती. यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभागाची सुरुवात बहुधा इथूनच मोजतात. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली आणि मेंदू पूर्ण निकामी झालेली माणसेही त्यावर दिवसेंदिवस राहू लागली. १९५९ साली पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ या डॉक्टरांनी अशा २३ रुग्णांचे वर्णन करून त्या अवस्थेला ‘कोमाच्या पलीकडची’ अवस्था म्हटले. तिला मृत्यू मात्र त्यांनी म्हटले नाही. त्याआधी दोन वर्षे, भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना, पोप बारावे पायस यांनी मृत्यूची घटका ठरवणे हे डॉक्टरांचे काम असल्याचे सांगून टाकले होते.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. हृदय काढून घेताना दाता मेलेला होता का, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीचा अहवाल आला. अध्यक्ष होते हेन्री बीचर, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी रुग्णांना न सांगता केलेल्या प्रयोगांवर झोड उठवली होती. कायमस्वरूपी कोमा हा मृत्यूचा नवा निकष मानावा, असे समितीने सुचवले आणि त्याची कारणे पहिल्याच परिच्छेदात दिली : एक, अशा रुग्णांचा नातेवाइकांवर, रुग्णालयांवर आणि खाटांची वाट पाहणाऱ्यांवर पडणारा भार, दोन, जुन्या व्याख्येमुळे रोपणासाठी अवयव मिळवताना होणारे वाद. दोन्ही कारणे उपयोगाची आहेत. मृत्यू म्हणजे काय, याविषयी त्यांत अवाक्षर नाही. तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी नेमके यावर बोट ठेवले. जीवन आणि मृत्यू यांच्यातली रेषा आपल्याला नक्की माहीत नसेल, तर शंकेचा फायदा जीवनाला द्यावा. अवयवांची गरज आहे म्हणून ती रेषा अलीकडे ओढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बीचर यांचा हेतू वाईट होता असे म्हणायला जागा नाही. पण व्याख्येच्या जन्माची ही हकीकत तिला अजून चिकटून आहे.

चाचणी प्रत्यक्षात कशी होते हे पाहिले की वादाचे स्वरूप कळते. आधी मेंदू कशाने निकामी झाला ते माहीत असावे लागते. शरीर थंड पडलेले नसावे, झोपेच्या किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल नसावा. मग डोळ्यांत प्रकाश टाकतात. बाहुली आकसत नाही. बुबुळाला कापसाचे टोक लावतात. पापणी मिटत नाही. कानात बर्फाचे पाणी सोडतात; एरवी डोळे त्या बाजूला सरकले असते, ते जागचे हलत नाहीत. नळी घशात खोलवर घातली तरी खोकला येत नाही. शेवटी श्वासाची परीक्षा. रुग्णाला भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर काढतात आणि छाती व पोट उघडे ठेवून आठ-दहा मिनिटे नुसते पाहत राहतात. रक्तातला कार्बन डायॉक्साइड चढत जातो. तो ६० मिमी पाऱ्यापर्यंत पोहोचला तरी छाती हलली नाही, तर श्वासाचे केंद्र गेले असे समजतात. याच सुमारास एखाद्या वेळी दोन्ही हात वर उचलून छातीवर येतात. ही मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते, मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो. खाटेजवळ उभ्या असलेल्या आईला हे समजावून सांगणे फार कठीण आहे.

कोणता मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, यावरही एकमत नाही. अमेरिकेतील १९८१ च्या आदर्श कायद्याला (राज्यांनी स्वीकारावा म्हणून केलेल्या नमुन्याला) मेंदूस्तंभासह, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागासह, संपूर्ण मेंदूचे सर्व कार्य थांबलेले लागते. ब्रिटनने १९७६ पासून मेंदूस्तंभ पुरेसा मानला, कारण जागेपण आणि श्वास दोन्ही तिथूनच चालतात. काही तत्त्वज्ञांना हेही पुरेसे वाटत नाही. त्यांच्या मते व्यक्ती म्हणजे तिची जाणीव, तेव्हा वरचा मेंदू कायमचा गेला की माणूस संपला. ही भूमिका तर्काला सोपी वाटते खरी, पण ती मानली तर स्वतः श्वास घेणाऱ्या देहाला मूठमाती द्यावी लागेल. कोणत्याही देशाने ती स्वीकारलेली नाही.

संपूर्ण मेंदूच्या व्याख्येमागचा युक्तिवाद असा होता, की मेंदू हा शरीराचा सूत्रधार आहे; तो गेला की उरतो तो अवयवांचा नुसता ढीग, आणि तोही लवकरच कोसळतो. मज्जासंस्थातज्ज्ञ ॲलन श्यूमन यांनी १९९८ मध्ये या युक्तिवादाचा पाया हलवला. मेंदूमृत ठरल्यावर आठवड्याहून अधिक काळ टिकलेल्या सुमारे १७५ जणांची प्रकरणे त्यांनी गोळा केली. त्यांतला एक मुलगा तोवर १४ वर्षांहून अधिक टिकला होता. असे देह जखमा भरून काढतात, संसर्गाशी झुंजतात, मुले असतील तर वाढतात, गर्भ असेल तर तो पोसतात. शिवाय मेंदूमृत ठरलेल्या अनेकांत मेंदूचाच एक भाग असलेला हायपोथॅलॅमस शरीरातले पाणी राखणारे संप्रेरक सोडतच असतो. म्हणजे कायदा ‘सर्व कार्य’ म्हणतो, पण चाचण्या काही ठरावीक कार्येच पाहतात. २००८ साली अमेरिकी अध्यक्षांच्या जैवनीती परिषदेने सूत्रधाराचा युक्तिवाद बाजूला ठेवला आणि सजीव म्हणजे भोवतालातून स्वतःसाठी काही घेण्याची धडपड करणारा, असा नवा आधार शोधला. निष्कर्ष तोच ठेवून कारण बदलले, हे टीकाकारांच्या नजरेतून सुटले नाही.

हा गुंता कायद्यांतही दिसतो. जपानमध्ये १९६८ साली सप्पोरोत झालेल्या हृदयरोपणानंतर दाता खरोखर मेंदूमृत होता का यावरून शल्यविशारदावर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण पुढचे हृदयरोपण व्हायला १९९९ उजाडले. तिथल्या १९९७ च्या कायद्यात मेंदूमृत्यू हा मृत्यू मानायचा तो अवयवदानाची लेखी इच्छा असेल तरच. २००९ च्या दुरुस्तीने कुटुंबाची संमती पुरेशी केली. भारताच्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मेंदूस्तंभ मृत्यूची व्याख्या आहे, चार डॉक्टरांचे मंडळ आहे, सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या आहेत. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे ‘जीवनाच्या सर्व खुणा’ कायमच्या नाहीशा होणे. त्यामुळे नातेवाइकांनी अवयवदानाला नकार दिला, की त्याच रुग्णाचा व्हेंटिलेटर काढायचा की नाही, याबाबत डॉक्टर गोंधळतात. केरळने २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अवयवदानापासून वेगळे करून वाट काढली. न्यू जर्सीत धार्मिक कारणावरून मेंदूमृत्यू नाकारता येतो. म्हणूनच कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये शस्त्रक्रियेनंतर मृत ठरलेल्या १३ वर्षांच्या मुलीला आईने तिकडे हलवले. तिथे ती वयात आली आणि २०१८ मध्ये वारली. तिचे मृत्यूचे दाखले दोन आहेत.

अलीकडच्या तंत्रांनी गुंता वाढवला आहे. हृदय थांबल्यावर काही मिनिटे थांबून मृत्यू घोषित करायचा, मग रोपणाचे अवयव टिकावेत म्हणून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करून बाकी शरीरात यंत्राने रक्त फिरवायचे, ही पद्धत काही देशांत आहे. हृदय पुन्हा सुरू झाले तर ते ‘कायमचे’ कुठे थांबले होते, असा सरळ प्रश्न आहे; अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये ती पद्धत तूर्त थांबवावी असे म्हटले. येल विद्यापीठात २०१९ मध्ये कत्तल होऊन चार तास झालेल्या डुकरांच्या मेंदूत द्रव फिरवून पेशींचे काही व्यवहार पुन्हा चालू करता आले. जाणीव परतल्याची खूण मिळाली नाही, आणि ती मिळू नये याची प्रयोगात काळजीही घेतली होती. १९८१ चा कायदा सुधारण्याचे अमेरिकेतले काम २०२३ मध्ये एकमत न झाल्याने थांबले.

मृत्यूची वेळ कोणती लिहायची, यातही सारखेपणा नाही. ब्रिटनमध्ये तपासण्या दोनदा होतात आणि वेळ पहिल्या तपासणीची लिहितात, जरी ती पक्की होते दुसऱ्या तपासणीने. अमेरिकेत श्वासाच्या परीक्षेतला कार्बन डायॉक्साइड ठरलेल्या आकड्याला पोहोचल्याचा प्रयोगशाळेचा निकाल हाती येतो, ती वेळ दाखल्यावर चढते.