जुन्या सॅम्पलरला रॅम एवढी कमी का असायची

कळव्याला राहणाऱ्या भाच्याने गेल्या महिन्यात सेकंडहँड एमपीसी २०००एक्सएल घेतली, अकाय कंपनीचा सॅम्पलर, म्हणजे बाहेरचा आवाज रॅममध्ये भरून घ्यायचा आणि पॅडवर थाप मारली की तो वाजवणारं यंत्र, आणि दुसऱ्याच दिवशी फोन, "मामा, ह्यात फक्त दोन एमबी मेमरी दाखवतंय, बिघडलेली गळ्यात मारली का मला?" बिघडलेली नाही रे बाबा, कंपनीतूनच तशी यायची. पण गुड मॉर्निंगचा एक व्हिडिओसुद्धा दोन एमबीत मावत नाही अशा काळात वाढलेल्या पोराला हे पटायचं कसं, म्हणून जरा मागचं सगळं सांगतो.

आधी हिशोब. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप, दर मोजमापाला २ बाइट, म्हणजे मोनोमध्ये सेकंदाला ८८ हजार बाइट आणि स्टिरिओत दुप्पट. स्टिरिओचं एक मिनिट साधारण १० एमबी खातं. दोन एमबीत मोनो भरलं तर वीस-बावीस सेकंद, संपलं.

आणि मेमरी महाग म्हणजे किती महाग? रॉजर लिन यांनी १९८० मध्ये एलएम-१ काढलं, खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये भरलेलं पहिलं ड्रम मशीन. त्यात किक होता, स्नेअर होता, काँगा आणि टाळ्यासुद्धा होत्या, फक्त क्रॅश सिंबल नव्हतं! कारण सिंबल एकदा वाजलं की कितीतरी सेकंद झणझणत राहतं आणि तेवढा आवाज साठवायची मेमरी परवडत नव्हती. हजारो डॉलरचं मशीन आणि त्यात एक थाळी नाही. पुढच्याच वर्षी ई-म्यू कंपनीचा इम्युलेटर नावाचा सॅम्पलर आला, त्याची अख्खी मेमरी १२८ केबी. आज व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो.

ह्या टंचाईतून जे जुगाड निघाले ते मला सगळ्यात आवडतात. १९८७ च्या ई-म्यूच्याच एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये सगळे पॅड मिळून दहा सेकंद मिळायचे, एका आवाजाला जास्तीत जास्त अडीच. मग हिपहॉपवाली पोरं काय करायची, ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवायची, आवाज चिरका होऊन पटकन उरकायचा, तसाच भरून घ्यायचा आणि मशीनमध्ये पिच खाली ओढून मूळ जागी आणायचा, म्हणजे दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचा माल. त्या ओढाताणीत आवाजाला जी खरखर यायची ती आज लोक प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं जोड-सॉफ्टवेअर, विकत घेऊन मुद्दाम लावतात.

आपल्याकडे हा जुगाड फारसा कामाचा नव्हता, आपली खरी अडचण डग्ग्याची. किक ड्रम क्षणात संपतो, पण 'धा' वाजवला की डग्ग्याची आस मागे दीड-दोन सेकंद रेंगाळते. मेमरी नाही म्हणून ती शेपटी कापली की 'धा' राहतच नाही, कोणीतरी पाण्याच्या पिंपावर थाप मारल्यासारखं वाटतं. म्हणून ऑर्केस्ट्रात सॅम्पलर वाजवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच असायचा की रॅम किती आहे.

रॅम वाढवायची सोय होती, पण कंपनीच्या बोर्डांवरच. अकायचा एस९५० घ्या, १९८८ चा, ७५० केबीचा, त्याला तेवढेच आणखी दोन बोर्ड लावून सव्वादोन एमबीपर्यंत जायचं. त्याच वर्षीचा एस१००० हा १६ बिटचा, दोन एमबीपासून ३२ पर्यंत वाढायचा, पण त्याचे बोर्डही खास त्याच्याचसाठीचे, दुसरं काही लावायची सोय नाही. कॉम्प्युटरमधली ७२ पिनची सिम चालायला लागली ती एस२००० सारख्या मशीनमध्ये १९९५ च्या आसपास, मग १९९७ च्या एमपीसी २००० मध्ये पण तीच. (सिम म्हणजे मोबाइलचं नव्हे, रॅमची पट्टी.) हे वेळेवर झालं, कारण १९९३ च्या जुलैत जपानमध्ये निहामा इथल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला, तिथे चिपवरच्या काळ्या आवरणाचं रेझिन बनायचं, आणि जगभर रॅमचे भाव उसळले होते, ते १९९६ मध्ये धाडकन कोसळले. पेंटियम कॉम्प्युटरवाल्यांनी काढून टाकलेल्या पट्ट्या मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळायला लागल्या आणि आमची चांदी झाली.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. रॅम किती ह्यापेक्षा ती भरायला किती वेळ लागतो हे जास्त महत्त्वाचं, आणि ते कोणी विचारतच नाही. ह्या मशीनमधली रॅम म्हणजे डीरॅम प्रकार, रॉबर्ट डेनार्ड यांचं १९६८ चं पेटंट, त्यात एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. तो कपॅसिटर सतत गळतो म्हणून दर काही मिलिसेकंदांनी परत भरावा लागतो, आणि लाइट गेली की सगळं साफ. २००६ च्या गणपतीत ठाण्यात एका सोसायटीत आमचा प्रोग्रॅम होता, लोडशेडिंगचे दिवस, ऐन लावणीच्या मधे लाइट गेली. जनरेटर दोन मिनिटांत सुरू झाला, पण माझ्या ढोलकी-ताशाचे आवाज सहा फ्लॉप्यांवर होते, एकेक आत सरकवायची, खर्र खर्र ऐकत थांबायचं, एकेकीला मिनिटभर. निवेदकाने तेवढ्या वेळात होते नव्हते ते सगळे विनोद संपवले, शेवटी बिचारा वर्गणीदारांची नावं वाचायला लागला.

आता बघा, १.४४ एमबीच्या फ्लॉपीने ३२ एमबी भरायचे तर २३ फ्लॉप्या! म्हणजे नुसती रॅम वाढवून फ्लॉपीवर राहिलात तर उपयोग शून्य. म्हणूनच त्या काळी स्कझी नावाच्या जाड केबलने १०० एमबीचा झिप ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपीचा थोरला भाऊ, जोडायचे. आणि १९९८ मध्ये गिगासॅम्पलर नावाचं सॉफ्टवेअर आलं, त्याने प्रत्येक आवाजाची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवली, बाकीचा वाजता वाजता हार्डडिस्कवरून ओढला, तेव्हा रॅमचा प्रश्नच निघून गेला आणि हळूहळू रॅकमधले सॅम्पलर पण गेले. पुढे २०११ च्या रोलँड एसपीडी-एसएक्स ह्या सॅम्पलर पॅडमध्ये तर २ जीबी फ्लॅश मेमरीच आली, लाइट जाऊ दे नाहीतर राहू दे.

भाच्याच्या मशीनला १६-१६ एमबीच्या दोन पट्ट्या मिळाल्या, एका जुन्या कॉम्प्युटरच्या भंगारातून. पहिल्यांदा एकच दिसत होती. खाडीच्या हवेने पिना काळ्या पडलेल्या, साध्या खोडरबराने घासल्या, पट्टी तिरकी आत घालून हळू उभी केली, कट् आवाज आला आणि ३२ एमबी दिसले. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह चालणारा डबा बसवायला लावला, तो आधी, म्हटलं, मग बाकीचं काय करायचं ते कर. एवढं सगळं झाल्यावर साहेबांनी पहिला आवाज कसला भरला तर आईच्या कुकरच्या शिट्टीचा, स्टिरिओत, अकरा सेकंद. जुन्या दोन एमबीत तेवढीच शिट्टी मावली असती, दुसरं काही नाही.