साडेबारा टक्के आणि दि. बा. पाटील

नवी मुंबईतल्या गावांत नुसतं ‘साडेबारा’ म्हटलं तरी पुरतं. कशाचे, हे कुणी विचारत नाही. या आकड्यामागे दि. बा. पाटलांची हयात आहे.

दि. बां.चा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, उरण तालुक्यातल्या जासईचा. शिक्षणाने वकील, पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. पनवेलमधून पाचदा आमदार, कुलाब्यातून (आताच्या रायगडातून) दोनदा खासदार, शिवाय विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद. पण ते आठवले जातात ते जमिनीच्या लढ्यासाठी, आणि ते योग्यच आहे.

मार्च १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ. ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरं संपादनात निघाली. मोबदला एकरकमी, रोख. शहर उभं राहिल्यावर त्याच जमिनीला जो भाव येणार, त्यात शेतकऱ्याचा हिस्सा नव्हता. दि. बां.नी बोट ठेवलं ते इथेच: पैसे द्याच, पण विकसित जमीनही परत द्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर भागात आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्क्यांचं तत्त्व पुढे आलं: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. ६ मार्च १९९० च्या शासन निर्णयाने ते कागदावर आलं.

हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. साडेबारा टक्क्यांनी ५०६ होतात. त्यातले ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, म्हणजे हातात येतात ३५४, प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के. दीड एफएसआयने, म्हणजे भूखंडाच्या दीडपट बांधकामाच्या परवानगीने, त्यावर ५३१ चौरस मीटर बांधकाम बसतं. दहा गुंठेवाल्याचा भूखंड जेमतेम ८८ चौरस मीटरचा.

घोडं अडतं ते बहुतेक वेळा वारसांपाशी. संपादनाच्या वेळी सातबाऱ्यावर आजोबांचं एकच नाव, आज हक्कदार वीस-पंचवीस. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं राहून गेली, की वारस दाखल्यावर हरकत येते आणि फाइल तिथेच थांबते. मग कंटाळलेलं घर बिल्डरकडून आगाऊ रक्कम घेतं, भूखंड मिळताच सिडको, शेतकरी आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार होतो आणि जमीन दुसऱ्यांदा जाते. लढून मिळवलेलं असं निसटताना पाहणं फार क्लेशदायक आहे.

नवी मुंबई विमानतळाच्या संपादनात हेच तत्त्व साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेलं. दि. बा. २४ जून २०१३ ला गेले. विमानतळाला त्यांचं नाव हवं म्हणून भूमिपुत्रांनी बेलापूरच्या सिडको भवनावर धडक दिली, तीही २०२१ च्या २४ जूनलाच.