लागलेला मार आणि चढत जाणारा मार

माजलगाव रोडला उसाच्या उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली. पोरगं उठून बसलं, चप्पल शोधली, घरचा नंबरही सांगितला. पहाटे गुंगीत गेलं ते उठवता उठेना. "रात्री चांगलं बोलत होतं की!" मामा प्रत्येकाला सांगत होते.

बोलत होतं, हे खरंच. डोक्याच्या मारात इजा दोन असतात, आपण त्या एकच धरतो.

पहिली क्षणाची. मेंदू कवटीवर आतून आपटतो, चेतातंतू ताणले जातात, एखादी रक्तवाहिनी फुटते. झालं ते झालं. दुसरी त्यानंतर तासन्‌तास, कधी कित्येक दिवस चालते आणि तिच्यात रसायनांचा मोठा हात असतो. ग्लुटामेट हा मेंदूतला रोजचा निरोप्या. एरवी जरासा सुटतो, काम झालं की लगेच उचलला जातो. माराने तो भसाभस सांडतो. मग शेजारच्या धडधाकट पेशींचीही दारं सताड उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि हे निस्तरण्यातच पेशींची ऊर्जा संपते. पाठोपाठ सूज. पायाला सूज आली तर कातडी ताणते, कवटी कुठून ताणणार? दाब वाढतो, रक्त कमी पोचतं, आणखी पेशी मरतात. बांध फुटतो एका क्षणात, शेतात पाणी मात्र रात्रभर शिरत राहतं.

पहिल्या सीटी स्कॅनमध्ये ही दुसरी इजा दिसेलच असं नाही. रक्तस्रावही हळूहळू वाढू शकतो, म्हणून काही वेळा सीटी पुन्हा काढतात. काही मोठ्या केंद्रांत मेंदूत बारीक नळी सोडून लॅक्टेट आणि पायरुवेट मोजतात; पेशी साखर जाळतात तेव्हा तयार होणारे हे दोन पदार्थ. त्यांचं गुणोत्तर 25 च्या वर गेलं, की पेशींचं इंधनाचं गणित बिघडल्याचा इशारा.

औषधाचं मात्र अजून जमलेलं नाही. सूज आहे तर स्टेरॉईड द्या, हा हिशोब सरळ वाटतो ना? 10,000 रुग्णांवरच्या 'क्रॅश' नावाच्या चाचणीत 2004 मध्ये उलटंच निघालं: दोन आठवड्यांत स्टेरॉईडवाले 21.1 टक्के दगावले, इतर 17.9 टक्के. 2014 मध्ये प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या दोन मोठ्या चाचण्याही फसल्या.

तोवर हातात आहे ते ऑक्सिजन आणि रक्तदाब सांभाळणं. वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेला तर दुसरी इजा झपाट्याने वाढते. ऑक्सिजनही तसाच जपायचा, म्हणून बीडहून संभाजीनगरला नेताना गुंगीतल्या माणसाला घोटभरही पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बोलणं किती वाजता अडखळलं, ते तेवढं लिहून ठेवा. डॉक्टर ते विचारतातच.